तेर्राखालचा भटारखाना

नापोलीशेजारच्या पोत्सुओलीत तेर्रावर जन्मलेली माणसं आता थोडीच उरली आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांनी मेना लुचिन्यानोशी बोलणं टाकलं होतं. मासळीबाजारात ती शिरली की दोन-तीन तोंडं सहज म्हणून दुसरीकडे वळत. तिचा सख्खा भाऊ प्रोकोलो तिथेच काळे शिंपले विकायचा. तो तोंड वळवत नसे. तो तिच्याकडे बघायचा आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला विचारायचा, "काय देऊ?"

तेर्रा म्हणजे समुद्रात पुढे घुसलेला पिवळ्या दगडाचा खडक आणि त्यावर एकमेकांना रेटून बसलेली घरं. गल्ल्या एवढ्या अरुंद की समोरच्या बाईने मीठ मागितलं तर खिडकीतूनच हातात द्यावं. गरिबी होती, घाण होती, भांडणं तर रोजची. आमच्या गावाखाली ज्वालामुखी आहे, त्यामुळे जमीन कधी वर येते, कधी खाली बसते. सत्तर साली ती वर यायला लागली. बंदरातल्या होड्यांचे तळ चिखलाला टेकले, भिंतींना तडे गेले. मार्चच्या सुरुवातीला एका सकाळी सैनिक आले, पोलीस आले, मागून ट्रक आले. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, गाद्या तेवढ्या घ्या, असं सांगत त्यांनी सगळी वस्ती खाली उतरवली.

मेना तेव्हा नऊ वर्षांची होती. तिची आई, नुन्झियाता, त्या सकाळी पावाची कणीक मळत होती. सैनिक दारात आला तेव्हा तिने हात धुतले नाहीत, परातीवर फडकं टाकलं आणि परात कडेवर घेऊन खाली उतरली. प्रोकोलो उतरायला तयार नव्हता. तो वीस वर्षांचा बाप्या, बोटीवर काम करणारा. त्याने चौकटीला दोन्ही हातांनी मिठी मारली. सैनिकांनी एकेक बोट सोडवून त्याला उचलला तेव्हा तो सगळ्या गल्लीसमोर हुंदके देऊन रडला. ट्रकमध्ये कणीक फुगत गेली, फडक्याखालून आईच्या मांडीवर उतू आली. हिवाळ्यासाठी बंद ठेवलेल्या एका हॉटेलात त्यांना नेऊन टाकलं. तिथे भट्टी नव्हती. दुसऱ्या दिवशी कणीक आंबून वास मारायला लागली. प्रोकोलोने परात नेऊन समुद्रात रिकामी केली. आईने परात घासली आणि पालथी घातली. या गोष्टीवर लुचिन्यानोंच्या घरात पुन्हा कधी कोणी अवाक्षर काढलं नाही.

थोडे दिवस म्हणता म्हणता वर्षं गेली. सरकारने गावाबाहेर तोयानोला सिमेंटच्या चाळी बांधून दिल्या. तेर्राभोवती पत्रे ठोकले, दारं-खिडक्या विटांनी बुजवल्या. नुन्झियाताने तोयानोच्या घरात कधी पडदे लावले नाहीत. "इथे काय राहायचंय आपल्याला," म्हणायची. उन्हाळ्यात दुपारचं ऊन थेट पलंगावर यायचं तरी नाही. त्या पलंगावरच ती गेली. वडील तिच्या आधीच गेले होते.

प्रोकोलोने मात्र पिच्छा सोडला नाही. तेर्राच्या लोकांची एक समिती होती. तो तिचा कारभारी. मोर्चे काढ, नगरपालिकेच्या पायऱ्यांवर बस, आलेल्या प्रत्येक मंत्र्याला गाठ, हे त्याने तरुणपणी सुरू केलं आणि म्हातारा होईपर्यंत चालवलं. सोबतची माणसं एकेक करून थकली, काही मेली, काहींची पोरं मिलानला गेली. तो दर रविवारी बंदरावर उभा राहून वर बघायचा. पत्र्याच्या कुंपणापर्यंतही गेला नाही कधी. "घरात जाईन तर घरचा म्हणून जाईन. डोकावून बघायला मी चोर आहे काय?"

मग विद्यापीठातले लोक आले आणि त्यांनी तेर्राच्या पोटात खणायला घेतलं. घरांच्या तळघरांखाली अख्खं रोमन गाव सापडलं. दगडी फरसबंदीचा रस्ता, दुकानं, पाण्याची टाकी, गुलामांना कोंडायच्या खोल्या. लोखंडी पूल टाकले, दिवे लावले आणि पंधरा-पंधरा माणसांच्या छोट्या टोळ्या वाटाड्यासोबत खाली सोडायला सुरुवात झाली. एका कंपनीने ते काम घेतलं.

मेनाने तोवर नापोलीत एका वकिलाकडे टंकलेखन केलं होतं, नवरा करून बघितला होता, तो सोडूनही दिला होता. पोरांच्या लॅटिनच्या शिकवण्या घ्यायची. कंपनीला वाटाडे हवेत हे कळल्यावर तिने चाळिशी उलटल्यावर परीक्षा दिली. कारण एकच होतं. पत्र्याच्या आत जायला मिळालं असतं.

हे सांगायला ती प्रोकोलोकडे गेली तेव्हा तो शिंपल्यांच्या टोपलीवर पाणी मारत होता.

"पास झालीस म्हणे," तो म्हणाला.

"झाले. सोमवारपासून."

"गणवेश देणार?"

"नुसता बिल्ला."

"बिल्ला." त्याने नळ बंद केला. "ज्यांनी आपल्या दाराला विटा लावल्या त्यांच्याकडून आत जायचा बिल्ला घेतलास. आणि आत जाऊन काय सांगणार? रोमनांचं कौतुक?"

"प्रोको, मला एकदा वर बघायचंय. बाकी काही नाही. तूही चल, मी नेते."

"तिकीट काढून?"

"तुला कोण तिकीट मागतंय?"

"बघ, म्हणजे उपकार," तो म्हणाला, आणि गिऱ्हाइकाकडे वळला. त्यांचं शेवटचं नीट बोलणं ते. त्याची बायको रोझारिया नाताळला फोन करायची, तोही तो घरात नसताना.

पहिल्या दिवशी मेना खाली उतरली. रोमन रस्त्याच्या डाव्या हाताला पाव भाजायचा भटारखाना लागतो. काळ्या दगडाची मोठाली जाती, गुडघ्याइतका कट्टा, भट्टीचं काळवंडलेलं तोंड. तिने वर पाहिलं. छताला एक जुनी तुळई होती, तिच्या टोकाला लोखंडी कडं. त्या कड्याला तळघरात त्यांच्या घरचा कांद्यांचा झुबका टांगलेला असायचा. म्हणजे ती स्वतःच्या घराखाली उभी होती. वर स्वयंपाकघर. आई त्या जागी उभी राहून कणीक मळायची आणि खाली, मातीच्या थराखाली, ही भट्टी होती. तिने भिंतीला हात लावला. मागून देखरेखीवाला म्हणाला, "हात लावायचा नाही, बाई. पर्यटकांनाही सांगत चला."

कंपनीने मजकूर छापून दिला होता. ग्रीक आले, रोमन आले, धान्याची जहाजं आली, मग पडझड, मग वर "नंतरच्या काळातील इमारती". संपलं. सत्तर सालाबद्दल बोलायचं नाही अशी तोंडी ताकीद होती, कारण घरं परत मागण्याचं समितीचं प्रकरण अजून कोर्टात भिजत पडलं होतं. मेनाने मजकूर पाठ केला. पहिल्या वर्षी भटारखान्यात आली की तिची नजर त्या कड्याकडे जायची. नंतर तिथे ती वर बघेनाशी झाली. मग तेही विसरली. तिचं बोलणं चांगलं होतं, लोक खूश होऊन जायचे, आणि कंत्राट दर वर्षी नवं करून मिळायचं. असा बराच काळ गेला.

मग गावात बातमी फुटली की तेर्रावरची घरं दुरुस्त झाली आहेत आणि ती पाहुण्यांच्या खोल्या म्हणून देणार. जुन्या लोकांना काही नाही. कोर्टानेही तेच म्हटलं. समितीची शेवटची बैठक चर्चच्या मागच्या खोलीत झाली. आले किती, तर एक टेबल पुरलं. प्रोकोलोने फलक गुंडाळून कपाटावर टाकला आणि घरी गेला. दोन दिवस तो ठेल्यावर आला नाही, असं लोक सांगतात.

त्याच आठवड्यातल्या रविवारी मेनाच्या सकाळच्या टोळीत तो उभा होता.

लग्नाकार्याचा कोट घातला होता, दाढी गुळगुळीत. हातात तिकीट. शेजारी बोलोन्याहून आलेल्या दोन शिक्षिका, एक नवं लग्न झालेलं जोडपं, एक जर्मन म्हातारा आणि त्याची बायको, आणखी चार-पाच जण. आणि सगळ्यांच्या मागे वही घेऊन लुदोविका. ती कंपनीची मुख्य, नापोलीची, मेनाच्या निम्म्या वयाची. वाटाडे मजकूर सोडून भरकटतात अशी तक्रार होती म्हणून त्या महिन्यात ती प्रत्येकाच्या टोळीत न सांगता शिरत होती. कंत्राटं नवी व्हायची होती.

मेनाने भावाला पाहिलं आणि तोंडातलं वाक्य गिळलं. त्याने ओळख दाखवली नाही. तिकीट पुढे केलं. तिने ते फाडून अर्धं त्याच्या हातात परत दिलं. तिची बोटं त्याच्या बोटांना लागली. शिंपल्यांनी कापून कापून त्याची बोटं करवतीसारखी झाली होती.

"सावकाश उतरा, पायऱ्या ओल्या आहेत," ती म्हणाली, आणि सगळे खाली निघाले.

तो टोळीच्या मधोमध चालला. ती सांगेल तिथे थांबला, ती दाखवेल तिकडे बघितलं. रस्त्याच्या दगडांत गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या तिने दाखवल्या, तेव्हा जर्मन म्हाताऱ्यासारखाच तोही वाकला. गुलामांच्या खोलीशी नव्या नवरीने विचारलं, "यांना कधी सोडायचे का हो?" मेना म्हणाली, "काहींना सोडायचे, म्हातारे झाल्यावर." प्रोकोलोने मान हलवली, जशी कोणीही परका माणूस हलवेल. भांडला असता तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

भटारखान्यात टोळी जात्यांभोवती गोल उभी राहिली. मेनाने गाढवं जातं कशी ओढायची ते सांगितलं, पीठ कुठून पडायचं ते सांगितलं. प्रोकोलो तिच्याकडे बघत नव्हता. तो छताकडे बघत होता, त्या तुळईकडे, त्या कड्याकडे. बराच वेळ. मग त्याने शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

"एक विचारू का, बाई?"

"विचारा," ती म्हणाली. 'विचार' म्हणायचं होतं.

"हे झालं खालचं. वर कोण राहत होतं?"

शिक्षिकांनी वर पाहिलं. लुदोविकाची पेन्सिल थांबली. मेनाला भिंतीतून झिरपणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू येत होता. सांगून टाकावं, असं तिच्या मनात आलं. ओठापर्यंत आलं. पण त्याच्या खांद्यावरून तिला ती वही दिसली, आणि साठीला टेकलेल्या बाईला दुसरीकडे कोण उभं करणार, हेही त्याच घटकेला मनात आलं.

"वर नंतरच्या काळातील इमारती आहेत," ती म्हणाली. "रिकाम्या. आपण आता पुढे पाण्याच्या टाकीकडे जाऊ."

"रिकाम्या," तो म्हणाला. "बरं."

उरलेला फेरा त्याने पूर्ण केला. टाकी बघितली, कोरलेली अक्षरं बघितली. वर उजेडात आल्यावर सगळ्यांनी तिचे आभार मानले, तसा तोही पुढे आला आणि हात मिळवला.

"छान सांगता तुम्ही," तो म्हणाला. "सगळं पाठ आहे."

आणि उतारावरून बंदराकडे चालायला लागला. आपलं घर ज्या गल्लीत होतं तिकडे त्याने मान वळवली नाही. लुदोविका मेनाला पूर्ण नावाने हाक मारायची. ती वही मिटत म्हणाली, "नीट झालं, फिलोमेना. त्या म्हाताऱ्याचा प्रश्न बरा टोलवलात. स्थानिक दिसतो."

"हो," मेना म्हणाली. "स्थानिकच."

दुसऱ्या दिवशी ती ठेल्यावर गेली. प्रोकोलो शिंपल्यांना चिकटलेली धाग्यांची दाढी उपटत बसला होता. ती उभी राहिली. त्याने मान वर केली नाही. रोझारिया गल्ल्यामागून उठून आली आणि हळूच म्हणाली, "जा मेना. आज नको. दोन दिवस जेवला नाहीये नीट."

"रोझा, माझी मालकीण मागे उभी होती गं."

"असेल. माझा नवरा पुढे उभा होता."

मेना घरी आली आणि तिने ठरवलं की आता सांगायचंच. कंत्राट गेलं तर गेलं. मंगळवारच्या टोळीला भटारखान्यात आणून तिने छापील मजकूर सोडला आणि तुळईकडे बोट दाखवलं. "त्या कड्याला आमच्या घरचे कांदे टांगलेले असायचे," इथून सुरुवात केली. मग सैनिक, ट्रक, परात, मांडीवर उतू आलेली कणीक, समुद्र. चौकटीला धरून रडणारा भाऊसुद्धा. सांगताना तिला रडू आलं आणि थांबवता आलं नाही. एका बाईने तिला जवळ घेतलं. तिला वाटलं, भावाच्या प्रश्नाचं उत्तर दिलं गेलं. दोन दिवस उशिरा का होईना.

ती बुधवारी सांगत राहिली, गुरुवारीही. रोज बोलावण्याची वाट बघत होती. पुढच्या आठवड्यात बोलावणं आलं. लुदोविकाच्या टेबलावर संगणक उघडा होता.

"बसा. हे तुम्ही आम्हाला आधी का नाही सांगितलंत?"

मेना राजीनाम्याचा कागद पिशवीत घेऊन गेली होती. "काय?"

"हे. लोक काय लिहितायत बघा. 'आयुष्यभर विसरणार नाही.' 'आमच्या वाटाड्याची आई त्या जात्यांच्या वर पाव करायची.' फिलोमेना, रोमन भटारखाना आणि बरोबर वर तुमच्या आईची कणीक. अहो, ठरवून असं जमत नाही."

"कोर्टाचं काय?"

"तो निकाल लागला ना. आता कोणाची हरकत नाही. फक्त जरा आटोपशीर करा. टाकीसाठी वेळ उरत नाही."

मेना कागद न काढता बाहेर आली. तिला राग यायला हवा होता. त्याऐवजी कौतुक झाल्याचं बरं वाटलं, आणि या बरं वाटण्याचीच तिला पुढे किळस आली. पण ती पुढे. त्या उन्हाळ्यात तिने ती गोष्ट रोज सांगितली, कधी दिवसातून तीनदा. कुठे थांबलं की माणसं श्वास रोखतात ते तिला कळायला लागलं. 'उतू आली' या शब्दांनंतर थोडं गप्प राहायचं. रडू आता येत नव्हतं, पण आवाज कापरा करता यायचा.

मागणी वाढली तशी ती गोष्ट छापील मजकुरात आली आणि सगळ्या वाटाड्यांना पाठ करायला दिली. अरियान्ना नावाची कासेर्ताची एक पोरगी नवीन लागली होती. गोड, मन लावून काम करणारी. एका दुपारी तिची टोळी पुढे आणि मेनाची मागे अशी गाठ पडली, आणि मेनाला तिचं सांगणं ऐकू आलं.

"...आणि आमच्या सहकारी बाईंच्या आईने ती कणीक हॉटेलात नेली, रात्री तिचे पाव भाजले आणि सगळ्यांना वाटले. ज्या सैनिकांनी त्यांना घराबाहेर काढलं होतं, त्यांनाही."

पुढच्या टोळीने टाळ्या वाजवल्या.

मेनाने तिला वर आल्यावर गाठलं. "पाव कुठून आणलेस तू?"

अरियान्ना गोंधळली. "मजकुरात तसंच आहे, बाई. लुदोविकाबाईंनी दिलाय. का, चुकलंय?"

लुदोविकाने नाकारलं नाही. "समुद्रात फेकली हे फार कडू होतं हो. खालच्या अंधारातून वर आल्यावर लोकांना बरं वाटलं पाहिजे. आणि त्यात तुमच्या आईचं चांगलंच दिसतंय."

"आईने त्यांना पाव दिला नाही. तिने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही."

"मला कळतंय. पण आता पुस्तिका छापून झाल्यात."

प्रोकोलोला ते कळेपर्यंत शरद ऋतू आला. नापोलीची एक शिक्षिका शाळेच्या पोरांना तेर्राखाली फिरवून बाजारात घेऊन आली होती. ठेल्यावरची पाटी वाचून ती म्हणाली, "लुचिन्यानो? म्हणजे तुम्हीच का ते, चौकटीला धरून रडलेले? मुलांनो, इकडे या, हेच ते." पोरांनी फोन काढले. त्याने त्यांना फोटो काढू दिले, असं रोझारिया सांगते. हातातला चाकू पुसून खाली ठेवला तेवढं.

संध्याकाळी तो तोयानोला मेनाच्या दारात उभा राहिला. आत ये म्हटलं तर आला, खुर्ची दिली तर बसला नाही.

"मी रडलो ते किती भाषांतून सांगतेस?" त्याने विचारलं.

"प्रोको, तू विचारलंस ना वर कोण राहत होतं. म्हणून सांगितलं मी."

"मला सांगायचं होतंस. त्या दिवशी. मी समोर होतो."

"माझी हिंमत झाली नाही."

"ते कळलं मला. त्याचा राग नव्हता एवढा." त्याने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "आधी तू म्हणालीस, आम्ही नव्हतोच. बरं, नव्हतो. नसलेल्या माणसाला कोणी बघायला येत नाही. आता आम्ही आहोत, तिकिटाच्या मागे. आईने सैनिकांना पाव खिलवला म्हणे."

"ते मी नाही घातलं. देवाशपथ."

"परात मी रिकामी केली होती, मेना. आई काठावर उभी होती. ती काय म्हणाली ठाऊक आहे तुला? तू झोपली होतीस." मेना बघत राहिली. तो सांगेल असं तिला वाटलं. तो म्हणाला, "नाही सांगत. तुला सांगितलं की तेही खाली जाईल."

आणि तो जिना उतरून गेला.

मेनाने पुस्तिकेतून गोष्ट काढा म्हणून अर्ज केला. तुमची गोष्ट तुम्ही सांगू नका, हवं तर, असं उत्तर आलं. पण घटना सार्वजनिक आहे, गावाचा इतिहास आहे, तो कोणा एका घराचा नाही. वाक्य चुकीचं नव्हतं, म्हणूनच तिला जास्त लागलं. बदली मागितली, ती मिळाली. आता ती गावाच्या वरच्या बाजूच्या मोठ्या दगडी आखाड्यात काम करते, जिथे रोमन लोक माणसांना जनावरांपुढे टाकायचे. तिथे कधी कोणाचं घर नव्हतं. पिंजऱ्यांच्या झडपा कशा उघडायच्या ते ती सांगते, लोक फोटो काढतात.

प्रोकोलो पुढच्या वर्षी फुप्फुसाच्या दुखण्याने पडला. रोझारियाने निरोप दिला, मेना दवाखान्यात गेली. त्याने तिला हाकललं नाही. शिंपल्यांचा भाव पडलाय, ठेला विकायला हवा, पावसाने भिंत ओली झाली आहे, असं बोलत राहिला. ती दर शनिवारी जायची. दर शनिवारी आज तरी तो सांगेल, असं वाटून जायची. परातीचं, काठावरचं. त्याने नाही सांगितलं. शेवटच्या शनिवारी तिने धीर करून विचारलं, "आई काय म्हणाली रे तेव्हा?" तो डोळे मिटून पडला होता. म्हणाला, "पाणी दे." तिने दिलं. तो प्यायला आणि भिंतीकडे वळून झोपला.

तेर्रावरचं मोठं चर्च तोवर पुन्हा उघडलं होतं. जुन्या लोकांनी आग्रह धरला की प्रोकोलोला तिथूनच निरोप द्यायचा, त्याचा हक्क आहे. रोझारियाने साफ नकार दिला. त्याने सांगून ठेवलं होतं. म्हणून तोयानोच्या सिमेंटच्या चर्चमध्ये प्रार्थना झाली. लोक अपेक्षेपेक्षा जास्त आले. ज्यांनी मेनाकडे कधी बघितलं नव्हतं त्यांनीही तिचा हात हातात घेतला आणि सोडला.

पाद्री बोलत असताना मागच्या दारातून दोन माणसं एक भलं मोठं पुष्पचक्र घेऊन आली आणि शवपेटीपाशी उभं करून गेली. पांढरी फुलं, सोनेरी पट्टी. रोझारियाला चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं. तिने मेनाच्या कोपराला हात लावला. "काय लिहिलंय?"

मेनाने वाचलं. तेर्राच्या सुपुत्राला, आणि खाली कंपनीचं नाव.

रोझारिया पुढे बघत राहिली. "उचल ते," ती म्हणाली. "तूच उचल."

मेना उठली. सगळं चर्च बघत होतं. तिने पुष्पचक्र दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि बाजूच्या दाराने बाहेर आली. मागच्या अंगणात कचऱ्याची पेटी होती, पण तिच्या तोंडातून ते आत जाईना. तिने ते जमिनीवर टाकलं, त्यावर बूट ठेवून तारेचा सांगाडा वाकवला. तार जाड होती. तिने पुन्हा जोर लावला, फुलं तुटून इकडेतिकडे पडली, हाताला तार लागून रक्त आलं. शेवटी दुमडून दुमडून ते आत गेलं. तिने खाली पडलेली फुलं एकेक वेचून पेटीत टाकली आणि हात पुसत आत आली.

चर्च रिकामं होत होतं. शवपेटी पुढच्या दाराने नेऊन गाडीत चढवून झाली होती.